गप्पीच्या अवयवांत टेट्राहायमेना कसा शोधावा

टेट्राहायमेना हा माशांच्या अंगात शिरणारा सिलिएट, म्हणजे अंगावर बारीक केस असलेला एकपेशीय जीव. तो शोधायला मासा नुकताच मेलेला हवा. तासन्‌तास पाण्यात पडून राहिला, तर मेलेल्या मांसावर जगणारे साधे सिलिएट आत शिरतात आणि निदान फसतं.

स्लाइडसाठी टाकीतलं पाणी घेऊ नका, त्यातही सिलिएट असतात. मेडिकलमधली ०.९ टक्क्यांची सलाइन सात भाग आणि उकळून थंड केलेलं पाणी तीन भाग मिसळा. खवले उभे राहिले असतील तिथला स्नायू, पाठीच्या कण्याला चिकटलेलं मूत्रपिंड आणि डोळ्यामागचा ऊतक असे मोहरीएवढे तुकडे वेगवेगळ्या स्लाइडवर घ्या. प्रत्येकावर एक थेंब टाकून कव्हरस्लिपने हलकेच दाबा. आधी १०० पट, मग ४०० पट मोठं करून बघा.

नासपतीच्या आकाराच्या, केसाळ पेशी तंतूंमधून झपाट्याने पळताना दिसल्या, तर टेट्राहायमेनाची शंका पक्की. इकची (माशांवर पांढरे ठिपके आणणाऱ्या दुसऱ्या सिलिएटची) पेशी बरीच मोठी, गोल, सावकाश फिरणारी. तिचं केंद्रक घोड्याच्या नालेसारखं.

मीठ, फॉर्मेलिन त्वचेपुरतं. अवयवांत पोचलेल्यावर खात्रीचा इलाज नाही. बाकीचे मासे वेगळे काढा, तळाचा गाळ उपसा, जाळी कडकडीत वाळवा. पुण्यातल्या नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढूनच ते टाकीत भरा. उरलेले मासे मुठा नदीत किंवा पाषाण तलावात अजिबात सोडू नका.