नाकाच्या ड्रॉप्सची सवय कशी सोडवायची

नाक चोंदलं की झायलोमेटाझोलिनचे दोन थेंब टाकायचे, नाक मोकळं, इथपर्यंत ठीक, पण हे 3 ते 5 दिवसांच्या वर गेलं की औषध उतरल्यावर नाकातल्या रक्तवाहिन्या उलट जास्तच फुगतात आणि आपल्याला वाटतं सर्दीच जात नाहीये, म्हणून परत ड्रॉप्स. उशीखाली बाटली ठेवून झोपणारे पेशंट कमी नाहीत हो!

सोडायचे असतील तर आधी एकाच नाकपुडीत बंद करा, ती मोकळी राहायला लागली की दुसरीतही. त्रास होतो, रात्री तर जास्तच, तेवढे दिवस सलाइन स्प्रे (साध्या मिठाच्या पाण्याचा) नाकात मारा, उशी उंच घ्या. बीपी असेल तर आधीच ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना, दाखवा, ते बऱ्याचदा स्टेरॉइड स्प्रे देतात, त्याची अशी सवय लागत नाही.