टाळी जुळते, पण ओठ जुळत नाहीत

शॉर्टफिल्मच्या प्रमोशनसाठी कलाकारांच्या मुलाखती मोबाइलवर शूट केल्या, आवाज कॉलरमाइकने वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. एडिटिंगच्या टाइमलाइनवर, चित्र नि आवाज जुळवायला वाजवलेली सुरुवातीची टाळी चपखल बसली; दहाव्या मिनिटाला मात्र ओठ एकीकडे नि शब्द भलतीकडे. माइकचा दोष नव्हता. मोबाइल उजेडानुसार फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त करतो, बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर तो स्थिर धरून चालतात. दर मिनिटाला क्लिप कापून सरकवणं म्हणजे नुसती हमाली. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट ३०, ‘कॉन्स्टंट’ (म्हणजे स्थिर), क्वालिटीचा आकडा आरएफ १८ ठेवून सगळ्या क्लिप नव्याने रूपांतरित केल्या. शूट ३०चं होतं म्हणून ३०च. २५ केलं की हात हलताना अडखळतात. मग शेवटची टाळीही जुळली. (ती वाजवायला सगळेच विसरतात!) ट्यूबलाइटमुळे चित्रात दिसणारे सरकते पट्टे मात्र एडिटमध्ये सहजी जात नाहीत, त्यासाठी शूटलाच शटर १/५० सेकंद हवं.