टवके, ओघळ, गंज: मॉडेलवर वेदरिंग पेन्सिल कशी वापरायची

मॉडेलला वेदरिंग, म्हणजे वापरून जुनं झाल्याची झाक, देताना स्पंजने टवके (रंग उडाल्याच्या खुणा) काढून बघितलेत ना कधी? पहिले चार ठिपके झकास येतात आणि पाचव्याला अख्ख्या मडगार्डला देवी आल्यासारखं दिसायला लागतं, आणि ते पुसता पण येत नाही. म्हणून मी पेन्सिलीवर आलो. चुकलं की ओलं इअरबड फिरवायचं, गायब. सध्या टेबलावर १/३५चा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, सेंच्युरियन टँक आहे, त्याच्यावरच सांगतो.

आधी सामान. वेदरिंग पेन्सिल म्हणजे काही जादू नाही, पाण्यात विरघळणारी मऊ शिशाची रंगीत पेन्सिल. स्पेनची एके इंटरॅक्टिव्ह मॉडेलवाल्यांसाठी मुद्दाम बनवते, गंज, धूळ, टवके असे शेड आयते मिळतात, पण स्टेशनरीच्या दुकानातल्या वॉटरकलर पेन्सिलींवर पण भरपूर काम होतं. फक्त शाळेतली साधी मेणाची रंगीत पेन्सिल आणू नका, ती पाण्याने पसरतच नाही. सुरुवातीला चारच रंग बास: गडद चॉकलेटी, विटकरी-तांबूस, धुळीसारखा मातकट, आणि टँकच्या रंगाचाच एक फिकट शेड. वर एक साधी ६बी पेन्सिल, तिचं काम शेवटी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सरफेस मॅट पाहिजे. ग्लॉसवर पेन्सिल नुसती घसरते, रंग धरतच नाही, आणि मग माणूस जोर लावतो आणि खालचा पेंटच ओरखडतो. डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं-आकडे) लावून झाले की त्यांच्यावरून मॅट वार्निश मारा आणि एक रात्र जाऊ द्या. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडच्या लोकांनी जरा जपून, हवेत ओल जास्त असली की स्प्रेचं वार्निश पांढरट धुरकट पडतं. माझं एकदा जुलैमध्ये असंच अख्खं मॉडेल दुधाळ झालंय, तेव्हापासून मी कोरडा दिवस बघूनच कॅन हातात घेतो.

टोक. मऊ शिसं शार्पनरमध्ये कटाकट तुटतं, त्यामुळे मी ब्लेडने लाकूड सोलतो आणि टोक बारीक पॉलिश पेपरवर घासून काढतो, दर पाच-सहा रेघांनी परत. कंटाळा येतो, पण हिशोब बघा: १/३५ला तुमची १ मिलीमीटरची रेघ म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटीमीटर रुंद ओरखडा, आणि १/७२ला तर ७.२ सेंटीमीटर! इतका रुंद ओरखडा पडायला टँकला दुसरा टँक घासून जायला हवा.

आणि टवके कुठे काढायचे, तर जिथे कारण आहे तिथे. क्रू कुठून चढतो, कुठे बूट ठेवतो, कुठलं झाकण दिवसातून वीस वेळा उघडतं. सेंच्युरियनला हे मस्त दिसतं, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) बाजूच्या पेट्यांच्या कडा, ट्रॅकगार्डवरच्या (साखळीपट्ट्यावरच्या मडगार्डवरच्या) पेट्यांची झाकणं, हॅचची (आत शिरायच्या झाकणाची) कड, आणि बाजूचे पातळ स्कर्ट, म्हणजे चाकांवरचे पत्रे, त्यांची खालची कड तर घासणारच. टरेटच्या मध्यावर, जिथे कोणाचा हात पोचत नाही, तिथे उगाच टवके नकोत. खरा सेंच्युरियन बघायचा तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन या, कुठे काय आहे ते छान कळतं, पण झिजेसाठी तो रेफरन्स धरू नका कारण तिथले रणगाडे नीट रंगवून ठेवलेले आहेत. झीज बघायची तर रस्त्याच्या कामावरचा जेसीबी बघा. बादली, पायरी, दाराची कड... सगळं शिक्षण फुकट.

टवका दोन थरात काढायचा. आधी फिकट शेडने बारीक वेडावाकडा ठिपका किंवा रेघ, म्हणजे वरवरचा रंग खरवडलाय. मग त्यातल्या काहींच्याच आत, सगळ्यांच्या नाही, गडद चॉकलेटीने अजून छोटा ठिपका, म्हणजे तिथे पार लोखंडापर्यंत गेलंय. फिकट रंगाची कड बाहेर राहिली की टवक्याला खोली येते. चंदेरी रंग इथे नको बरं का, लोखंड उघडं पडलं की लगेच काळपट-तपकिरी होतं, चंदेरी शोभतं ते अ‍ॅल्युमिनियमच्या विमानावर. टोक किंचित ओलं केलं तर रंग दाट बसतो, कोरडं ठेवलं तर बारीक ओरखडे येतात. (बरेच जण टोक सरळ जिभेला लावतात. मी पण लावायचो. नका लावू.)

ओघळांना खरी मजा येते. बोल्टच्या किंवा टवक्याच्या खाली तांबूस पेन्सिलीने एक बारीक उभी रेघ मारा, मग चपटा ब्रश पाण्यात बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करा आणि वरून खाली एकदाच ओढा. एकदाच! परत परत फिरवलं तर रेघ धुऊन जाते, आणि ब्रशला पाणी जास्त असेल तर वाळल्यावर कडेला चहाच्या कपाखाली पडतो तसा डाग राहतो. पाणी थेंब होऊन गोळा होत असेल तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. मागच्या ट्रॅकगार्डवरच्या दोन्ही सायलेन्सरवर मात्र हात मोकळा सोडा, ते तापतात, रंग जळतो, गंज चढतो, तिथे तांबूस आणि चॉकलेटी मिसळून ओल्या ब्रशने थोपटा.

धुळीला मातकट पेन्सिल खालच्या भागात आडवी घासायची आणि ओल्या ब्रशने कोपऱ्यात ढकलायची, झालं. फावडं-कुऱ्हाडीच्या दांड्यांना दोन-तीन तपकिरी रेघा लांबीत ओढल्या की लाकूड दिसतं, याला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

मग वार्निश. ब्रशने पाण्याचं वार्निश लावलंत तर सगळी मेहनत विरघळून वाहून जाईल, त्यामुळे स्प्रे, लांबून, दोन-तीन पातळ हात, मध्ये वाळू देऊन. फिकट रेघा वार्निशखाली जरा दबतात, म्हणून त्या आधीच थोड्या ठळक ठेवा.

६बी पेन्सिल या सगळ्यानंतर, कारण ग्राफाइटवर मॅट मारलं की चमक मेली. ट्रॅकच्या ज्या कडा जमिनीला लागतात आणि आतली जी शिंगं (उभे दात) चाकांमधून फिरतात, तेवढ्यावरच घासा. जरा जोरात घासलंत तर घासून गुळगुळीत झालेल्या पोलादासारखी चमक येते. यानंतर मॉडेल ट्रॅकला धरून उचलू नका, ग्राफाइट बोटाला लागतं आणि मग तेच बोट टरेटवर छान उमटतं.