उटीची वाफेची गाडी बघायचीय? मग मेट्टुपाळयमलाच चढा

कोल्हापुरातनं उटीच्या सहली भरपूर जातात आणि आलेला जो तो टॉय ट्रेनमधले फोटो दाखवतो. बहुतेक फोटोंत इंजिन डिझेलचं असतं. सहलवाले सोयीचा म्हणून कुन्नूर ते उटी एवढाच तुकडा दाखवतात आणि तिथं गाडी डिझेलवर चालते. वाफेचं इंजिन लागतं ते खालच्या टप्प्यात, मेट्टुपाळयम ते कुन्नूर. तिकीट काढताना एवढं पक्कं धरा.

माझं सगळं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. त्यामुळं माझं सांगणं असं, की चालतं इंजिन बघायच्या आधी थांबलेलं बघावं. त्यासाठी आधी म्हैसूर. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभरात बंगळुरूला सोडते, तिथनं म्हैसूरला गाड्या भरपूर. स्टेशनाजवळच 1979 साली सुरू झालेलं रेल्वे म्युझियम आहे. महाराणींचा 1899चा डबा सगळेच बघतात, तुम्हीही बघा. पण खरा वेळ इंजिनांना द्या.

इंजिनाच्या मागच्या बाजूनं सुरुवात करा, ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथनं. समोर भट्टीचं दार दिसतं. भट्टीतला जाळ आणि गरम धूर बॉयलरमधल्या नळ्यांतनं पुढं जातो, नळ्यांच्या भोवती पाणी असतं. वाफ वर साठते, तिथनं सिलिंडरमध्ये येते, पिस्टन ढकलते आणि दांड्यांवाटे चाकं फिरतात. काम झालेली वाफ धुराड्यातनं जोरात वर फेकली जाते, आणि वर जाताना ती भट्टीतला धूर ओढून नेते. म्हणजे इंजिन जितकं जास्त ओढेल तितकी भट्टी आपोआप जास्त पेटते. त्यासाठी वेगळा पंखा लागत नाही. आपण ज्याला झुकझुक म्हणतो तो त्या वाफेच्या फेकीचा आवाज. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार फेका. हे एकदा डोक्यात बसलं की पुढं घाटात डोळे मिटूनसुद्धा कळतं इंजिनाला किती भार पडलाय ते.

पोरं बरोबर असतील तर त्यांना चाकं मोजायला लावा. पुढची छोटी, मधली दांड्यानं जोडलेली मोठी, मागची छोटी, असे तीन आकडे. 4-6-2 म्हणजे काय ते पाच मिनिटांत शिकतात. निलगिरीचं इंजिन 0-8-2 आहे, ते मेट्टुपाळयमला मोजून खात्री करू दे.

म्हैसूरहून सकाळची उटीची बस धरा आणि तिथनं दुसऱ्या बसनं घाट उतरून मेट्टुपाळयमला मुक्काम करा. गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते. स्टेशनावर तासभर आधी जा, कारण इंजिन डब्यांना लागताना बघण्यासारखं असतं. जागा कमी आणि गर्दी फार, तेव्हा आरक्षण आयआरसीटीसीवर खुलं झालं की त्याच दिवशी करून टाका. इंजिन गाडीच्या मागं लागतं आणि वर ढकलत नेतं. पुढचं दृश्य हवं असेल तर पुढचा डबा, आवाज हवा असेल तर शेवटचा. मी नेहमी शेवटचा सांगतो.

ड्रायव्हर मागं असल्यानं त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. म्हणून प्रत्येक डब्याच्या गॅलरीत एक ब्रेकवाला उभा असतो. पहिला हिरवं निशाण दाखवतो, ते बघून दुसरा, मग तिसरा, असं ते ड्रायव्हरपर्यंत पोचतं. ही माणसं कामात असतात. फोटोसाठी त्यांच्या आडवं येऊ नका.

पहिले सात-आठ किलोमीटर सपाट. कल्लार आलं की खिडकीतनं खाली रुळांच्या मधोमध बघा. तिथं दात पाडलेल्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्यात, पण दात एका रेषेत नाहीत, एकाचा दात तिथं दुसऱ्याची खाच. त्यामुळं इंजिनाखालचं दातेरी चाक कायम कुठल्या तरी दातात अडकलेलं राहतं. मी तर त्या दातांकडं बघतच राहतो. चढ साधारण साडेबाराला एक आहे, म्हणजे साडेबारा मीटर पुढं गेलं की एक मीटर वर; बोरघाटात तो 37ला एक आहे. नुसतं चाक या चढावर घसरलंच असतं.

इथनं आवाज बदलतो. इंजिनाला दोन्ही बाजूंना एकावर एक असे एकूण चार सिलिंडर आहेत. सपाटीवर दोनच चालतात. दात लागले की त्या दोघांतनं निघालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या दोन सिलिंडरना देतात आणि ती दातेरी चाक फिरवतात. मूळ इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची. त्याच धर्तीची नवी इंजिनं आपल्या रेल्वेनं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधली. हे काम किती अवघड आहे ते शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको.

मधल्या स्टेशनांवर गाडी पाणी प्यायला थांबते. तेव्हा उतरा, मागं जा, पण रुळात उतरू नका. हिलग्रोव्हला माकडं फार, भाकरी-चटणीची शिदोरी उघडी ठेवू नका. पांढरा शर्ट घालू नका. निलगिरीत प्लॅस्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे, स्टीलची न्या.

आणखी एक सांगतो. ही लाईन मीटर गेज आहे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. 1888 साली शाहू महाराजांच्या हस्ते पाया घातलेली आणि 1891ला सुरू झालेली आपली कोल्हापूर-मिरज लाईनही 1971पर्यंत याच मापाची होती. घरात तेव्हाच्या गाडीनं मिरजेला गेलेलं कुणी वडीलधारं असेल तर त्यांना जरूर न्या. डबा लहान, पायरी चढायला जपून, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र बेत करू नका. आपल्याकडं पाऊस संपलेला असतो, पण तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस पडतो, दरडी येतात आणि गाडी बंद ठेवावी लागते. जानेवारी ते मार्च चांगला.

कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं आणि डिझेल लागतं. उटीपर्यंतचा पुढचा रस्ता डोंगर बघत काढा, दुपारच्या सुमारास पोचाल. त्याच दिवशी म्हैसूरला परतायचं असेल तर दुपारचीच बस धरा, कारण बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो.