पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायचंय? दिवाळीलाच कामाला लागा

टी.वाय.चा निकाल लागला की जून-जुलैत माझा फोन वाजायला लागतो. कुणी चोपड्याचं, कुणी शहाद्याचं, कुणी साक्रीचं. "ताई, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायचंय, फॉर्म सुटले का?" आणि दर वर्षी मला तेच सांगावं लागतं, की देशातल्या मोठ्या विद्यापीठांचे फॉर्म हिवाळ्यातच सुटले आणि बंदही झाले. फोनवर पलीकडे शांतता पसरते. ती मला सहन होत नाही, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मी यावल तालुक्यातल्या केळीवाल्या घरातली. बी.एस्सी. केमिस्ट्री केलं, मग पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., आणि गेली नऊ वर्षं जळगावात पाणी-सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. त्यामुळे प्रवेशाबद्दल आणि पुढच्या नोकरीबद्दल, दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

आधी नेमकं काय शिकायचं ते ठरवा, कारण नावं सारखी दिसली तरी वाटा वेगळ्या आहेत. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला बहुतेक ठिकाणी विज्ञानाची कुठलीही पदवी चालते. बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, सगळ्यांतून मुलं येतात. व्यवस्थापनाकडे ओढा असेल तर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे, १९८२ साली सुरू झालेली. तिथल्या एम.बी.ए.साठी कॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेचे गुण चालतात आणि कॅटचा फॉर्म पावसाळ्यातच भरावा लागतो. आय.आय.टी.तलं एम.टेक. ही तिसरी वाट. त्याला इंजिनिअरिंगची पदवी किंवा एम.एस्सी. आणि वर गेट ही प्रवेश परीक्षा. गेटमध्ये २०२१ पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे, म्हणजे एम.एस्सी. झाल्यावरही तिकडे वळता येतं. सांडपाणी प्रकल्पाचं डिझाइन करायची हौस असेल तरच तिकडे जा.

आता एम.एस्सी.चे दरवाजे. घराजवळचा दरवाजा म्हणजे आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडली की आलंच. तिथे पर्यावरण आणि भूविज्ञान प्रशाळा आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातही विभाग आहे. राज्यातल्या विद्यापीठांची प्रक्रिया साधारण उन्हाळ्यात चालते, म्हणून तिथे जूनमध्ये जागी झालेली मुलंही कधीकधी निभावून जातात. दिल्लीचं जे.एन.यू., दिल्ली विद्यापीठ, वाराणसीचं बी.एच.यू. इथे मात्र सी.यू.ई.टी.-पी.जी. ही परीक्षा लागते. राष्ट्रीय परीक्षा संस्था ती २०२२ पासून घेते. फॉर्म हिवाळ्यात, परीक्षा साधारण मार्चमध्ये. टी.वाय.ला असतानाच फॉर्म भरता येतो, निकालाची वाट बघायची गरज नाही. पेपरात ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. पेपर इंग्रजीत आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. आपल्याकडच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, पण संज्ञा पाठ असल्या की हा पेपर अवघड नाही.

सी.यू.ई.टी.बाबत एक गोष्ट दर वर्षी कुणाचं तरी वर्ष घालवते. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं होत नाही. गुण आल्यावर प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळी फी भरावी लागते. शिरपूरच्या एका मुलाला चांगले गुण होते. तो घरी यादीची वाट बघत बसला आणि नोंदणीची तारीख निघून गेली.

आणि फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाले भाऊ घाईत स्वतःचा नंबर टाकतात. मग प्रत्येक ओ.टी.पी.साठी तुम्ही तालुक्याला चकरा मारता आणि ते नेमके त्या दिवशी लग्नाला गेलेले असतात. नावाचंही बघा. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नावच नाही, असा घोळ घरोघरी आहे. आधार आणि बँक दिवाळीच्या सुट्टीत नीट करून घ्या.

कागदपत्रांवर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं एक वर्ष कागदाने खाल्लं. माझ्याकडे नॉन-क्रिमिलेअर होतं. प्रांत ऑफिसातून रीतसर काढलेलं, शिक्का-सही सगळं जागेवर. बाहेरच्या राज्यातल्या एका केंद्रीय विद्यापीठात नंबर लागला, बाबा आणि मी रात्रभर प्रवास करून पोहोचलो, आणि पडताळणीच्या टेबलावर कागद परत आला. तो राज्याच्या नमुन्यातला होता. त्यांना केंद्राच्या नमुन्यातला, त्या आर्थिक वर्षातला हवा होता. घरी फोन करून दोन दिवसांत नवीन दाखला मिळणं शक्य नव्हतं. जागा गेली. परतीच्या गाडीत बाबा एक शब्द बोलले नाहीत, भुसावळ आल्यावर फक्त म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन्ही काढू."

म्हणून दोन्ही काढा. ओ.बी.सी. असाल तर आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे आधी तपासा. राज्याच्या आणि केंद्राच्या याद्या जुळतातच असं नाही. व्ही.जे.एन.टी. आणि एस.बी.सी. हे वेगळे प्रवर्ग राज्यापुरते. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्रात ओ.बी.सी.त मोडतात. केंद्राचा दाखला १ एप्रिलनंतर नव्याने काढावा लागतो, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. ई.डब्ल्यू.एस.साठी, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकासाठी, केंद्राच्या निकषात उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी लागते. सातबारा बघूनच ठरवा. जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, शिक्षणात खंड असेल तर गॅप सर्टिफिकेट, बाहेरच्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन. या सगळ्याची एक फाइल करा आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा.

शिष्यवृत्तीचं राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर असतं. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर रक्कमही अडकते. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आणि आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. नंदुरबारच्या, धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना मी आणखी एक आवर्जून सांगते. परदेशात शिकायला केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. दर वर्षी देशभरात २० जागा आणि त्यात मास्टर्सही येतं. सातपुड्यात वाढलेल्या मुलाने जंगलाचा अभ्यास करायला त्या जागेवर हक्क सांगावा, असं मला फार वाटतं.

काही संस्था अर्जासोबत उद्देशपत्र मागतात, काही ठिकाणी मुलाखत होते. इथे आपली मुलं मागे पडतात आणि तेही विनाकारण. उद्देशपत्र माझ्याकडे तपासायला येतं, त्याचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं असतं: "पर्यावरण संवर्धन ही आज काळाची गरज आहे." हे कुणीही लिहू शकतो. तुमच्याकडे जे आहे ते दिल्ली-मुंबईच्या मुलाकडे नाही, आणि तेच तुम्ही लिहीत नाही.

माझं स्वतःचं उद्देशपत्र बाबांच्या वहीतून आलं. बाबा ट्यूबवेलचा हिशोब एका लाल वहीत ठेवतात. मोटर खाली सोडली की नोंद: तारीख, पाइप किती वाढवले, खर्च किती. एक पाइप २० फुटांचा. मी त्या नोंदी एका कागदावर ओळीने उतरवल्या तेव्हा दिसलं, की माझ्या पहिलीपासून बी.एस्सी.पर्यंत आमची मोटर तब्बल नऊ पाइप खाली गेली होती. १८० फूट. मी एवढंच लिहिलं, आणि खाली लिहिलं की हे पाणी कुठून येतं आणि परत का भरत नाही, ते मला शिकायचंय. त्यावर मुलाखतीत पंधरा मिनिटं प्रश्न झाले. एका सरांनी विचारलं, "सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरतं कुठे?" मला बझाडा हा शब्द तेव्हा माहीत नव्हता. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा, जाड वाळूचा तो पट्टा, ज्यातून पाणी खोल उतरतं. मी माहीत नाही म्हणून सांगितलं आणि आमच्या शेताच्या वरच्या अंगाला नाल्यात पाणी अचानक गडप होतं तेवढं वर्णन केलं. सर म्हणाले, "तोच." प्रवेश झाला.

तुमच्या घरी लाल वही नसेल तर मोजायला लागा. अमळनेर तालुक्यातल्या एका मुलीला मी टी.वाय.च्या दिवाळीत हे काम दिलं होतं. त्यांच्याकडे उघडी विहीर आहे. तिने सुती दोर घेतला, टोकाला लोखंडी वजन बांधलं, दर मीटरला गाठ मारली. विहिरीच्या कठड्यावर एका जागी रंगाची खूण केली, कारण दर वेळी तिथूनच मोजायचं. वजन पाण्याला टेकलं की डुबुक आवाज येतो आणि दोर हलका लागतो. तिथे बोटाने दोर धरायचा, वर ओढायचा आणि टेपने मोजायचा. मोटर बंद होऊन सात-आठ तास झालेले हवेत, नाहीतर पातळी खोटी येते. शेतीला वीज कधी रात्री असते, म्हणून ती वेळापत्रक बघून पहाटे जायची. दिवाळी, संक्रांत, होळी, आखाजी (अक्षय्य तृतीया), असं तिने ठरवून टाकलं. घरच्यांनाही त्या तारखा लक्षात राहायच्या आणि आजोबा स्वतःहून आठवण करायचे. सोबत काही शे रुपयांच्या मीटरने टी.डी.एस., म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टी.डी.एस. लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, हे ती वाचून आली होती. आखाजीला तिने पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो माझ्याकडे अजून आहे. चार ओळी, चार आकडे, आणि शेवटच्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलेलं, "आज आत्या आल्या आहेत, वापर जास्त."

त्या शेऱ्यावर मी खूश झाले. आकडा का बदलला असेल याचा विचार करणं, हेच आमच्या प्रयोगशाळेत रोज करावं लागतं.

विहीर नसेल तर दुसरं काही. गिरणेतला वाळू उपसा, दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेची धूळ, पांझरेवरची पाणी वाटून घ्यायची जुनी फड पद्धत, शिरपूरचं जलसंधारण. साक्री तालुक्यातलं बारीपाडा तर घरचंच उदाहरण आहे. गावाने राखलेलं जंगल, आणि त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री. जाऊन या, लोकांशी अहिराणीत बोला, ऐकलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा. मग उद्देशपत्र आधी मराठीत लिहा. इंग्रजी नंतर करता येतं, कुणाला तरी दाखवून सुधारता येतं. आधीच इंग्रजीत बसलात तर पुन्हा "काळाची गरज" येते.

शिफारसपत्रासाठी सरांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. एका पानावर तुमचे गुण, केलेला प्रकल्प, मोजलेले आकडे, शेवटची तारीख लिहून द्या. सर कामात असतात, त्यांना सगळं आठवेलच असं नाही. निदान तीन आठवडे आधी द्या.

अभ्यासाला परिसंस्था, पर्यावरणीय रसायनशास्त्र, सूक्ष्मजीव, थोडं भूशास्त्र, आणि कायदे: जल कायदा १९७४, हवा कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, जैवविविधता कायदा २००२. बी.ओ.डी., म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप, नुसती व्याख्या म्हणून पाठ करू नका. आपल्याकडे ती २७ अंशांवर ३ दिवस ठेवून काढतात, परदेशी पुस्तकांत २० अंश आणि ५ दिवस असतात. असं का, हे समजून घ्या. आपल्या नद्यांच्या पाण्याचं तापमान हेच त्याचं उत्तर. तापीबद्दलही विचारतात. ती मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, आणि ती पश्चिमेला वाहते कारण ती खचदरीतून जाते.

नोकरीचं विचारतात म्हणून सांगते. सुरुवात बहुधा प्रयोगशाळेत किंवा सल्लागार कंपनीत होते. पगार पहिली दोन वर्षं बेताचा. उन्हातान्हात कारखान्याच्या चिमणीवर चढून नमुने घ्यावे लागतात, मुलींनाही. रिमोट सेन्सिंग आणि जी.आय.एस. नीट शिकलात तर वाट लवकर रुंदावते. शेअर बाजारातल्या मोठ्या १००० कंपन्यांना आता पर्यावरणाचा हिशोब जाहीर करावा लागतो, तिथेही माणसं लागतात. नेट काढून शिकवण्याकडेही जाता येतं.

प्रवेशाला निघताना मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या फाइलमध्ये, आणि दोन्ही फाइली वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. टी.सी. मूळ जमा करून घेतात, म्हणून तिच्या झेरॉक्स जास्त काढा. वाराणसीला भुसावळहून महानगरी थेट जाते, दिल्लीच्या गाड्याही भुसावळला मिळतात. रिझर्व्हेशन यादी लागायच्या आधीच करून ठेवा, नाही लागला नंबर तर रद्द करता येतं. आणि दोर विहिरीजवळच ठेवून जा. अमळनेरच्या त्या मुलीची धाकटी बहीण आता मोजते.