गावचं घर विकताय? बयाण्याआधी हद्दीचं मिटवा

गावच्या घराला गिऱ्हाईक आलं तरी बयाणा लगेच घेऊ नका. बयाणा घेतल्यावर शेजारी हरकत घेऊन बसला की व्यवहार लटकतो, आणि मग भावाभावांत पण भांडणं लागतात.

आधी सातबारा, आठ अ म्हणजे खात्याचा उतारा, आणि सातबाऱ्यावर नंबर दिसतात ते सगळे फेरफार, म्हणजे मालकी-हक्क बदलाच्या नोंदी, काढा. सातबाऱ्यावर अजून आजोबाच असतील तर वारस नोंद करून घ्या, त्यात आत्या आणि बहिणी पण येतात बरं का, लग्न होऊन गेल्या हे कारण चालत नाही. वाडीतलं घर बऱ्याचदा गावठाणात नसतंच, सर्वे नंबर हिस्सा नंबरात असतं, मग तिथे प्रॉपर्टी कार्ड शोधत बसू नका, सातबाराच बघायचा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही. इतर हक्काचा रकाना मात्र नीट वाचा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा असं बरंच काही तिथे लपलेलं असतं.

मग तालुक्याच्या भूमी अभिलेखमधून हिस्स्याचा नकाशा, म्हणजे फाळणी बारा, मागा आणि हद्द कायम मोजणीचा अर्ज भरा. जमीन सामाईक असून नकाशावर हिस्सेच पडलेले नसतील तर आधी पोटहिस्सा मोजणी, आणि तिला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, त्या गणपतीला किंवा शिमग्याला सगळे गावाला येतात तेव्हाच घेऊन टाका. अर्जात लगतवाल्यांचे पत्ते बरोबर द्या, नोटीस त्यांना जाते, आणि निम्मे तर मुंबईत असतात म्हणून फोन पण करा, समोर उभा असलेला माणूस नंतर कमी भांडतो हे मी बघितलंय. मोजणी शक्यतो पावसाळ्यात नको. आदल्या दिवशी रान साफ करा, गडगा म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण दिसलं पाहिजे, आणि जुनी खूण, बांधावरचा माड, दाखवणारं जाणतं माणूस सोबत ठेवा. खुणा पडल्या की लगेच फोटो काढा, नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, आठवणीने घ्या.

गडगा आणि नकाशा जुळला नाही तर घाबरू नका, आपल्याकडे हे सर्रास होतं, गुरं आत येऊ नयेत म्हणून जमेल तिथे चिरे रचलेले असतात. मोजणी पटली नाही तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. पण नुसत्या मोजणीने शेजाऱ्याचा ताबा निघत नाही, त्याला बऱ्याचदा दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि तिथे वर्षं जातात, म्हणून दोन-तीन फुटांसाठी मी तरी तडजोडच सुचवेन. जमीन खरंच इकडची तिकडे देणार असाल तर नोटरीवर भागवू नका, रजिस्टर दस्त करा. खरेदीखतात क्षेत्र आणि चतुःसीमा मोजणीप्रमाणेच लिहा.

घरापर्यंतची वाट दुसऱ्याच्या खळ्यातून जात असेल तर तीही लेखी करून घ्या, गिऱ्हाईक गाडी आत येते का हेच आधी विचारतं. आणि जमीन बिनशेती नसेल तर घेणारा शेतकरी आहे ना, त्याचा सातबारा आधीच बघून घ्या.