बंदुकीचं मेण-तेल वंगण: आपल्या हवेत या चुका टाळा

गावच्या ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीला लागणारं वंगण मी लालबागच्या घरी बनवतो आणि गणपतीला जाताना डबी बरोबर नेतो. बंदूक काकांच्या नावावर, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. ती गावातच राहते.

सगळ्यात महाग पडते ती तेलाची चूक. पहिल्या वर्षी मी जवसाचं तेल घातलं. ते हवेत वाळतं आणि त्याचा पापुद्रा धरतो. दस्त्याच्या लाकडाला हा गुण सोन्यासारखा, पण घोड्याच्या खटक्यात तेच तेल डिंकासारखं बसलं आणि खरवडण्यात अख्खी दुपार गेली. सूर्यफूल, सोयाबीनही हळूहळू चिकटतात. एरंडेल किंवा ऑलिव्हचं तेल घ्या. नळीत इंजिन ऑइल नको, काळ्या दारूच्या (बंदुकीत भरतात त्या स्फोटक भुकटीच्या) काजळीत मिसळून त्याचं डांबर होतं. मिठाचं लोणी तर मुळीच नको, मिठाने गंज धरतो.

मेण म्हणून मेणबत्ती वितळवू नका. ते पॅराफिन, त्याचा कपचा उडतो. मधमाशीचं मेण बोटांत मळलं की मऊ होतं आणि मधाचा वास येतो.

हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे थेट गॅसवर पातेलं ठेवायची गरजच नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा, आच मंद. मेण फार तापलं असताना त्यात पाण्याचा थेंब पडला तर गरम मेण अंगावर उडतं. पेट घेतलाच तर झाकण घाला, पाणी ओतू नका. उरलेलं मोरीत टाकू नका, पाइप तुंबतो.

परदेशी कृतींत तेल बरंच जास्त असतं, कारण तिथे थंडी. त्या मापाने केलेली डबी मे महिन्यात माझ्या बॅगेत पाझरली. मी आता वजनाने निम्मं मेण, निम्मं तेल घेतो. बशीवर थेंब टाकून गार होऊ द्या: नखाने ओढल्यावर लोण्यासारखा निघाला तर बरोबर, भुगा झाला तर तेल कमी, ओघळला तर मेण कमी. पुन्हा वितळवून दुरुस्त करता येतं.

आणि वंगण म्हणजे सफाई नव्हे. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते, आणि पावसाळ्यात मुंबईत काय, कोकणात काय, ओलाव्याला तोटा नाही. राखेवर मेण चोपडलं की खाली गंज सुखाने वाढतो. आधी गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री करा. मग साबणाचं गरम पाणी, कोरड्या चिंध्या, नळी पूर्ण सुकेपर्यंत थांबणं, आणि शेवटी वंगणाचा अगदी पातळ हात. पुन्हा भरण्याआधी नळी कोरड्या चिंधीने पुसा आणि केप (घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसते तिथलं भोक तारेने मोकळं करा. तिथे मेण अडकलं की केप वाजते, बार होत नाही. अशा वेळी तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबा, बार उशिराही उडू शकतो.